रेक्टरांना का नाही सांगितलंस?

मुलीला रत्नागिरीत हॉस्टेलला ठेवायचं ठरलं की ओळखीतल्या काकू-मावश्या मला गाठतात. आधी "तिकडे नशेचं तसलं काही चालतं का गं?" आणि मग आवाज उतरवून, "तुझ्याच खोलीत झालेलं ना? मग रेक्टरांना का नाही सांगितलंस?"

चालतं. पण २०२३च्या ऑगस्टमध्ये कर्दे-लाडघरकडे चरसची पाकिटं वाहून आली, कस्टम्सने दापोलीच्या किनाऱ्यावरून अडीचशे किलोंवर माल उचलला, तेव्हापासून लोकांना वाटतं आमची पोरं वाळूत वेचतच फिरतात. आमच्यात होता तो पुडीतला गांजा, तोही मोजक्यांकडे. बाकीच्यांचं मत एकच, दारूपेक्षा बरा, झाडपालाच तर आहे. मीही हेच म्हणायचे.

त्या रात्री रूममेटने ब्राउनी खाल्ली. कुणीतरी गोव्याहून आणलेली. अर्ध्या तासात काही होईना म्हणून अजून एक तुकडा. ओढलेला गांजा मिनिटांत चढतो, पोटातून चढायला तास-दोन तास जातात, हे आम्हाला कुठे ठाऊक! साडेदहाला तिने माझं मनगट घट्ट धरलं. "माझं हृदय बंद पडतंय. आईला सांगू नको." डोळे लालबुंद, जीभ टाळूला चिकटलेली, गळ्याजवळची शीर उडताना दिसत होती. वॉचमनकाकांना "उलट्या होतायत" सांगून रिक्षा मिळवली. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लंय?" ती नुसती मान हलवत राहिली. मी सांगून टाकलं : गांजा, ब्राउनीतून, दोन तुकडे. डॉक्टर ओरडले नाहीत. सलाईन लावलं, म्हणाले, "उतरेल. एकटीला सोडू नका."

ती अजून माझ्याशी बोलत नाही. तिच्या लेखी मी तिला पोलिसांच्याच ताब्यात दिलं. भीती अगदीच खोटी नव्हती. १९८५च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, कलम २७ खाली, गांजा नुसता घेतला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ६४अ मध्ये खटल्यातून सूट आहे, पण ती स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला. हौसेने ब्राउनी खाल्लेली पोर त्यात बसते कुठे?

डॉक्टर नाडी बघणार होते. रेक्टर तिच्या बाबांना फोन लावणार होत्या. एकदा घरी नेली असती की शिक्षण संपलंच. "आणि ब्राउनी आणणारी सुटली, त्याचं काय?" सुटली. पुढच्या वर्षीही तिच्याकडे मुली येत-जात होत्या, मला दिसत होत्या. तेव्हाच्या माझ्या गप्प बसण्याला मात्र रूममेटच्या शिक्षणाची ढाल चालत नाही.

परवा एक काकू म्हणाल्या, "माझ्या मुलीचं असं काही कानावर आलं तर आधी मला फोन कर हं." मी हो म्हटलं. करीन की नाही, सांगता येत नाही.