बेड रेस्ट, ईएसआय आणि माझे 26 आठवडे

मार्च 2023. एकविसावा आठवडा चालू असताना रक्तस्राव झाला. सोनोग्राफीत वार खाली असल्याचं दिसलं आणि डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली. ऑफिसला कळवलं, तर एचआरकडून उत्तर आलं: "मग मॅटर्निटी लीव्ह आत्तापासूनच टाका ना."

ऐकायला सोयीचं होतं, पण पडल्यापडल्या हिशोब केला. प्रसूतीला एकोणीस आठवडे होते. मॅटर्निटी लीव्हच्या 26 आठवड्यांमधून ते वजा केले, तर बाळ झाल्यावर हातात फक्त सात. शिवाय पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे मिळतात, त्यातले प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त आठच घेता येतात. म्हणजे त्यांचा सल्ला नियमातही बसत नव्हता.

माझा पगार 21,000 च्या आत, त्यामुळे दर महिन्याला ईएसआयसाठी (कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी) पगारातून 0.75 टक्के कापले जायचे. स्लिपवरच्या त्या आकड्याकडे कोण बघतं! पण त्यातूनच आजारपणाचा भत्ता मिळतो: सरासरी पगाराच्या 70 टक्के, लागोपाठच्या दोन लाभ कालावधींत (प्रत्येकी सहा महिन्यांच्या) मिळून 91 दिवसांपर्यंत. मला बत्तिसाव्या आठवड्यापर्यंतचे अकरा आठवडे, म्हणजे 77 दिवस ओढायचे होते. ते त्यात बसत होते. म्हणून मी एचआरला ईमेलने (फोनवर नाही, लेखी) कळवलं, की ही रजा आजारपणाची आहे, प्रसूतीची रजा बत्तिसाव्या आठवड्यापासून लावावी. मस्टरवर बिनपगारी रजाच दाखवा, असंही लिहिलं. ज्या दिवसाचा पगार मिळतो, त्या दिवसाचा भत्ता मिळत नाही.

खरा त्रास ईएसआयच्या दवाखान्याचा. खाजगी डॉक्टरांची चिठ्ठी तिथे चालत नाही. सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरांकडूनच हवं, आणि तेही सुरुवातीला आठवड्याआठवड्याचं. जिने चढायचे नाहीत असं ज्या बाईला सांगितलंय, तिने कागदासाठी रांगेत बसायचं! शेवटी सोनोग्राफीचा रिपोर्ट डॉक्टरांसमोर ठेवून सासूबाईच बोलल्या, "साहेब, हिला उभं राहायचीच मनाई आहे हो." त्यानंतर जास्त दिवसांचं सर्टिफिकेट मिळू लागलं.

पैसे अपेक्षेपेक्षा कमी आले. पहिले दोन दिवस भत्त्यात धरत नाहीत, ते ठीक. पण जानेवारीत झालेली पगारवाढही त्यात नव्हती. खिडकीवरच्या बाईंनी समजावलं: जानेवारी ते जूनमधल्या आजारपणासाठी आदल्या वर्षीचा एप्रिल ते सप्टेंबरचा पगार धरतात, आणि त्या सहा महिन्यांत किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. नुकतीच नोकरी धरलेल्या मुली इथेच अडकतात. प्रसूतीच्या लाभाची अट वेगळी आहे, आधीच्या दोन सहामाही वर्गणी कालावधींत मिळून 70 दिवस. ती माझी आधीच पूर्ण झाली होती, त्यामुळे बिनपगारी महिन्यांनी काही बिघडलं नाही.

बत्तिसाव्या आठवड्यात प्रसूतीचा लाभ सुरू झाला, पूर्ण पगाराच्या दराने. त्यापुढे मात्र आजारपणाचा भत्ता बंद. दोन्ही एकाच दिवसांसाठी मिळत नाहीत.

सिझेरियननंतर बीपी खाली येईना. गर्भारपण, बाळंतपण किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांतून आलेल्या आजारासाठी 26 आठवड्यांवर आणखी एक महिन्यापर्यंत तोच पूर्ण दराचा लाभ मिळतो. एचआरला ही तरतूद मीच दाखवली. तो अर्ज अडला, कारण कागदावर नुसतं "उच्च रक्तदाब, विश्रांती" लिहिलेलं होतं, आणि तेवढ्यावरून तो साधा आजारच ठरतो. बीपीचा त्रास प्रसूतीमुळे आहे, एवढं एक वाक्य डॉक्टरांकडून लिहून आणल्यावर पैसे खात्यात जमा झाले.