कॉनवे आणि आमची टाकी

एम.टेक.च्या सॉफ्टवेअर आर्किटेक्चरच्या तासाला आज कॉनवेचा नियम झाला. माणसं आपसात जशी बोलतात, तशीच त्यांनी बांधलेली सिस्टिम होते. संगणकशास्त्रज्ञ मेल्विन कॉनवेनं १९६८ साली लिहिलंय हे!

सर बोर्डावर चौकोन काढत होते आणि मला दिसत होतं सांगलीतलं, गावभागातलं आमचं घर. बाबा-काकांचं बोलणं बंद झालं, तशी मधे भिंत आली. जिने दोन, मीटर दोन. टाकी तेवढी एकच राहिली.

आमच्या प्रोजेक्टचंही तेच झालंय म्हणा. टीममधल्या दोघांचं पटत नाही, म्हणून एकाच विद्यार्थ्याची नोंद दोन डेटाबेसमध्ये. जन्मतारखाही वेगळ्या!

संध्याकाळी घरी आलो तर टाकी भरून वाहत होती. भिंतीच्या दोन्ही बाजूंना शांतता. शेवटी मीच जाऊन मोटर बंद केली.