दुसऱ्याचा पोल

आंतरशालेय मैदानी स्पर्धांत बांबूउडीचा मुख्य पंच म्हणून काम करताना, स्पर्धा सुरू होण्यापूर्वी सर्व खेळाडूंचे पोल एकदा पाहून घेण्याची माझी पद्धत आहे. फायबरग्लासच्या पोलवर त्याची लांबी आणि तो किती वजनाच्या खेळाडूसाठी बनवला आहे, हे छापलेले असते. मात्र खेळाडूने किती पोल आणले आहेत, यावरून त्याच्या शाळेची ऐपत अधिक लवकर कळते. त्या दिवशी एका शाळेच्या दोन मुलांसाठी लांबलचक पिशव्यांतून पोलची अख्खी मालिकाच आली होती: लांबी तीच, ताठपणा मात्र पायरीपायरीने वाढत जाणारा. दुसऱ्या एका शाळेच्या मुलाकडे एकच पोल होता आणि त्याच्या मुठीच्या जागी जुन्या चिकटपट्टीचे थर साचले होते. मागच्या हंगामात तो पोल त्याला पुरेसा असावा. दरम्यान मुलगा वाढला होता, पोल तोच राहिला होता.

पट्टी जसजशी वर जाते, तसतसा खेळाडू पोल अधिक वरून धरतो, वेगाने धावतो आणि त्याला अधिक ताठ पोलची गरज भासते. मऊ पोल नको तितका वाकतो, उशिरा सरळ होतो आणि खेळाडूला वर फेकण्याऐवजी पुढे ढकलत थेट पट्टीवर नेतो. अशा वेळी खेळाडूला पट्टीचे खांब गादीच्या दिशेने सरकवून मागता येतात, पण नियमाने ही मुभा ८० सेंटीमीटरपर्यंतच आहे. या मुलाने ३.४० मीटर पार केले, तेव्हाच खांब त्या टोकाला पोहोचले होते. ३.५०च्या दोन्ही प्रयत्नांत त्याचे पाय पट्टीच्या बऱ्याच वरून गेले आणि दोन्ही वेळा त्याने छातीने पट्टी पाडली.

तेव्हा प्रतिस्पर्धी शाळेच्या मुलाने स्वतःहून त्याच्यापुढे आपला एक ताठ पोल धरला. दुसऱ्याचा पोल मालकाच्या संमतीनेच वापरता येतो, असा नियम आहे. प्रश्न असा होता, की मालक कोण? मुलगा म्हणत होता, "मी देतोय ना, सर!" त्याचे प्रशिक्षक म्हणत होते, की पोल शाळेचे आहेत. मी प्रशिक्षकांच्या बाजूने निर्णय दिला, कारण पोल खरोखरच शाळेचे होते, आणि त्यांनी संमती नाकारली. त्यांचे कारण निव्वळ आडमुठेपणाचे नव्हते: सराव नसलेला ताठ पोल खेळाडूला उलट धावमार्गावर फेकू शकतो, आणि इजा झाली तर जबाबदार कोण, असा त्यांचा सवाल होता. मला तो पटला. पण त्यातूनच खरी तफावत उघडी पडली. पोल उसना मिळेलही, ज्या गादीवर वर्षभर पडून-पडून तो पोल अंगवळणी पडतो, ती गादी ऐन स्पर्धेत कोण उसनी देणार?

तिसरा प्रयत्नही हुकला आणि तो मुलगा तिसरा आला. पहिले दोन क्रमांक त्या सधन शाळेचे.

संध्याकाळी सांघिक गुणतक्ता लागला, तेव्हा ही बाब मला अधिक खटकली. पहिल्या क्रमांकाला ५ आणि दुसऱ्याला ३ या हिशेबाने त्या शाळेला बांबूउडीतून ८ गुण मिळाले होते, तर उपविजेत्या शाळेपेक्षा तिची एकूण आघाडी ६ गुणांची होती. उपविजेत्या शाळेने धावण्याच्या शर्यती गाजवल्या होत्या, पण बांबूउडीत तिचा एकही खेळाडू नव्हता. १०० मीटरसाठी प्राथमिक फेऱ्यांची रांग लागते. बांबूउडीत मात्र त्या दिवशी तीन शाळांचे मिळून चार खेळाडू होते, आणि गुण दोन्हीकडे सारखेच. सधन शाळेची मुले जास्त वेगाने पळतात असे मला कधी दिसलेले नाही. जिथे इतरांना उतरताच येत नाही, तिथले गुण त्या शाळा जमा करतात.

मी अहवालात लिहिले, की अगदी मोजक्या शाळा उतरतात त्या प्रकारांचे गुण सांघिक विजेतेपदासाठी धरू नयेत, वैयक्तिक पदके मात्र द्यावीत. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांचा आक्षेप होता, की मग उरलेल्या शाळाही बांबूउडी बंद करतील. त्यात तथ्य आहे, म्हणून मी शिफारशीला पुरवणी जोडली: सरावाची एक सामायिक गादी आणि पोलचा एक संच आयोजकांनी सर्व शाळांसाठी वर्षभर खुला ठेवावा. पहिल्या शिफारशीवर बराच वाद झाला. पुरवणीवरची चर्चा खर्चाच्या मुद्द्यावर पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब झाली आहे.