रेंकच्या धक्क्यावरची बाज

बार्जवर न्यायच्या सामानात बाज चालेल का, हा त्या सकाळचा पहिला प्रश्न होता. साल २०२३, ऑगस्ट महिना, दक्षिण सुदानमधले रेंक. मलकालला जाणाऱ्या बार्जची प्रवासी यादी माझ्या हातात होती आणि समोर शिल्लुक जमातीची चाळिशीतली एक बाई दोरीने विणलेली लाकडी बाज आडवी धरून उभी होती. सुदानमध्ये तिला अंगरेब म्हणतात. अकोल्याला आमच्या अंगणात होती तिच्यापेक्षा ती फारशी वेगळी नव्हती. खार्तूमहून कोस्तीमार्गे जोडाच्या सीमेपर्यंत बसच्या टपावर आणि सीमा ओलांडताना गाढवगाडीवर बाईने ती आणली होती. सामानाला मर्यादा होती आणि त्या मर्यादेत बाज बसत नव्हती. तरीही मी बाजेच्या पायावर खडूने क्रमांक घातला आणि हमालांना ती चढवायला सांगितले. त्या कुटुंबाच्या बाबतीत मी केलेले तेवढे एकच काम नंतर बरोबर ठरले, आणि तेही पुरते नाही.

१५ एप्रिल २०२३ रोजी खार्तूममध्ये सुदानचे लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले आणि काही दिवसांतच जोडाच्या सीमेवर माणसांची रीघ लागली. २०११ मध्ये सुदानपासून वेगळ्या झालेल्या दक्षिण सुदानचे स्वतःचे यादवी युद्ध २०१८ च्या शांतता कराराने कागदोपत्री संपले होते; घरे, शाळा आणि रस्ते मात्र अजून त्या युद्धातून बाहेर आलेले नव्हते. रेंकमध्ये विद्यापीठाच्या जुन्या आवारात तात्पुरते निवारा केंद्र उभारले होते. तिथे काही दिवस थांबून माणसांनी पुढे जावे, अशी योजना होती. पण पावसाळ्यात पुढे जाणे हाच खरा प्रश्न असतो, कारण अप्पर नाईल या इथल्या प्रांताची जमीन म्हणजे आपल्या वऱ्हाडातली काळी कपाशीची जमीन. एक सर पडली की ती चाकाला आणि बुटाला धरते आणि मग ट्रक काय, ट्रॅक्टरही जागचा हलत नाही. मी लहानपणापासून अशा चिखलातून चपला हातात घेऊन शाळेत गेले असल्यामुळे तिथल्या स्थानिक सहकाऱ्यांना माझे कौतुक वाटे. माझ्या नोकरीत मला आयते मिळालेले कौशल्य एवढेच.

राहिली नदी. गोव्यात मांडवीवर खनिज वाहणारे बार्ज ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वाहन वेगळे समजावून सांगायला नको. सपाट लोखंडी तळ, वर ताडपत्रीची सावली, काही शे माणसे, त्यांची बोचकी, शेळ्या, आणि हे सारे ढकलणारी एक बोट. नाईल उत्तरेकडे वाहते आणि मलकाल दक्षिणेला आहे, म्हणून रेंकहून निघालेला बार्ज जलपर्णीचे पुंजके बाजूला सारत दोन-तीन दिवस प्रवाहाच्या उलट जातो.

केंद्रात दोन याद्या असत. सुदानी नागरिकांची नोंद निर्वासित म्हणून होई. त्यांना रस्ता सुकला की मबान जिल्ह्यातल्या छावण्यांकडे नेले जाई. ब्लू नाईल प्रांतातून पळून आलेले लोक तिथे २०११-१२ पासून राहत आहेत. दक्षिण सुदानी असतील त्यांची नोंद ‘परतलेले’ म्हणून होई आणि त्यांना त्यांच्या मूळ गावाच्या दिशेने पाठवले जाई. पहिल्या काही महिन्यांत आलेल्यांपैकी फार मोठी संख्या या दुसऱ्या यादीतली होती. ‘परतलेले’ हा शब्द लिहिताना मला रोज अडखळायला होई. त्या रांगेतली निम्मी मुले खार्तूमच्या कडेच्या वस्त्यांत जन्मलेली होती. त्यांना सुदानी अरबीशिवाय भाषा येत नव्हती, आणि ज्या देशात ती ‘परतत’ होती तिथल्या शाळा इंग्रजीत चालतात. जिथे कधी गेलोच नाही तिथे परतायचे कसे? फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी बराकींत उतरलेल्या सिंधी माणसांना आपण वर्षानुवर्षे निर्वासित म्हणत राहिलो, जरी ते स्वतःच्याच देशात आले होते. इथे नेमके उलटे चालले होते.

दहाच्या सुमारास धक्क्यावर नावे पुकारायला सुरुवात झाली. बाज चढली, तीन धाकट्या मुलांची बोचकी चढली, आणि बाई फळीवर पाय ठेवता ठेवता थांबली. नवरा आणि थोरला मुलगा कुठे आहेत, असे तिने माझ्या दुभाष्याला विचारले. मी यादी पाहिली. तिच्या नावापुढे कुटुंबप्रमुख म्हणून तीच होती, आणि खाली तीन मुले. नवरा नव्हता, सोळा वर्षांचा मुलगा नव्हता.

घडले होते ते असे. चार दिवसांपूर्वी नोंदणीच्या वेळी पुरुषांची आणि बायकांची रांग वेगळी होती. नवरा बोचकी सांभाळत मुलासह पुरुषांच्या रांगेत उभा राहिला, बाई लहान मुलांसह माझ्या टेबलाशी आली. मी जमात विचारली, ती शिल्लुक म्हणाली, वडिलांचे गाव कोदोक म्हणाली. कोदोक म्हणजे जुने फशोदा, शिल्लुकांचा मूळ मुलूख. मी पुढचे काही विचारले नाही. माझ्यामागे दोनशे माणसे उन्हात ताटकळत होती, हे कारण खरे आहे. पण ‘कुटुंबातले आणखी कोणी केंद्रात आहे का’ हा प्रश्न अर्जावर छापलेला होता आणि मी त्यापुढे न विचारताच ‘नाही’वर खूण केली होती, हेही तितकेच खरे आहे. तिकडे नवऱ्याला जमात विचारली गेली. तो नुबा डोंगरातला, दक्षिण कोर्दोफानचा, म्हणजे सुदानी. त्याच्याबरोबर मुलाचीही नोंद निर्वासित म्हणून झाली. एकाच आईबापाची लेकरे, थोरला निर्वासित आणि धाकटी तिघे नागरिक.

वास्तविक कायदा इतका आंधळा नाही. दक्षिण सुदानचा २०११ चा राष्ट्रीयत्व कायदा आईकडून आलेले नातेही मानतो. चारही मुले आईमुळे दक्षिण सुदानीच ठरतात. नवऱ्याचे दुर्दैव निराळे आहे. ज्या लढ्यातून दक्षिण सुदान जन्माला आला त्यात नुबा डोंगरातली माणसेही लढली, पण २०११ ची सीमारेषा त्यांच्या डोंगरांच्या दक्षिणेकडून गेली आणि ते पलीकडे राहिले. बाईचे दुर्दैव याच्या उलट: दक्षिण वेगळा झाल्यावर सुदानने आपल्याकडच्या दक्षिणी लोकांचे नागरिकत्व काढून घेतले, तेव्हा खार्तूममध्ये जन्मलेली ही बाई आपल्याच घरात एका रात्रीत परकी झाली. बारा वर्षे एकाच छपराखाली दोन देशांची माणसे राहत होती आणि त्यांना त्याची कधी अडचण झाली नव्हती. अडचण माझ्या टेबलाशी सुरू झाली.

मी तिला आणि मुलांना उतरवून घेतले. बार्जचा भोंगा झाला होता, फळी काढली जात होती, आणि बाज लोखंडी तळावर चाळीस बोचक्यांच्या खाली होती. ती काढायला वेळ नव्हता. बाई काठावर उभी राहून जाणाऱ्या बाजेकडे पाहत राहिली. तिकडे थोरल्या मुलाच्या नावाने आईला हाक मारायची पद्धत आहे, आपल्याकडे ‘बंड्याची आई’ म्हणतात तशी. माझा दुभाषी तिला त्याच नावाने समजावत होता, आणि ज्या मुलाच्या नावाने हाक मारायची तोच यादीत नव्हता.

नवरा केंद्राच्या दुसऱ्या टोकाला सापडला. त्याला वाटत होते की बायको-मुलेही मबानच्याच गाडीची वाट पाहत आहेत. मी त्याची माफी मागितली. त्याने ती ऐकली आणि थेट मुद्द्याला हात घातला. “मबानला माझ्याजवळ कार्ड आहे. मलकालला हिचा मामा आहे. मामाने मला पाहिलेले नाही.” मलकालचे मी गोड चित्र रंगवू शकत नव्हते. जूनमध्येच तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षित छावणीत शिल्लुक आणि नुएर या जमातींत जीवघेण्या चकमकी झाल्या होत्या, आणि तिथे एका नुबा जावयाला कोण कसे वागवील, हे माझ्या कोणत्याही अर्जात लिहिलेले नव्हते. मी दोन्ही वाटा सांगितल्या, काय मिळेल आणि काय सुटेल ते सांगितले, आणि बाजूला झाले. ती दोघे मुलांना घेऊन कडुनिंबाखाली तासभर बोलत बसली. तेवढ्या वेळात धाकटीने माझ्या पेनाने स्वतःच्या मनगटावर भावाच्या पट्ट्यासारखा पट्टा काढून घेतला होता.

त्यांचे मलकाल ठरले. मग सरकारच्या निर्वासित आयोगाच्या अधिकाऱ्याशी बोलणे, माझ्या वरिष्ठांकडे चूक कबूल करणारा मेल, मुलाची नोंद बदलणे, आणि नवऱ्याचा निर्वासिताचा दर्जा कायम ठेवून त्याला कुटुंबाबरोबर जाऊ देणारे पत्र. हे सारे दोन दिवसांत झाले, ते पहिल्या दिवशी पाच मिनिटांत झाले असते. पुढचा बार्ज यायला नऊ दिवस लागले आणि ते नऊ दिवस ही सहा माणसे जमिनीवर ताडपत्री अंथरून झोपली.

चौथ्या दिवशी मलकालहून सहकाऱ्याचा फोन आला. बाज सुखरूप पोचली होती, पण सामानाच्या कोठाराचा रात्रपाळीचा राखणदार तिच्यावर झोपू लागला होता आणि मालक नक्की कधी येणार, असे रोज विचारत होता. नव्या यादीत मी सहा नावे एकाखाली एक लिहिली, प्रत्येकाला विचारून, आणि सामानाच्या रकान्यात ‘बाज १, आधीच पोचली’ अशी नोंद केली. फळीवर चढण्यापूर्वी मी बाईला राखणदाराची हकिकत सांगितली. तिने बोटांवर दिवस मोजले आणि दुभाष्याकरवी मला विचारले, त्याच्याकडून रात्रीचे भाडे किती घ्यायचे?