आमची वाटचाल : मोटारी, पंप आणि एक दोर

2016 साली हवालदार म्हणून पेन्शनीत आलो, तेव्हा सौ.ने एकच अट घातली. यापुढे रात्री-अपरात्री फोन आला की निघायचं, हे बंद. चोवीस वर्षं मी बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात होतो. खडकीला शिकलो, पूल बांधले, होड्या चालवल्या, 2001 च्या भूकंपानंतर भुजला ढिगारे उपसले. मुलगी लहान असताना मी सुट्टीवर आलो की आईच्या पदराआडून बघायची आणि "हे कधी जाणार?" म्हणून विचारायची. मी मुकाट्याने हो म्हटलं.

पणजोबा गायकवाडांच्या चाकरीत बडोद्याला आले. दांडिया बाजारातल्या वाड्याच्या वाटण्या झाल्यावर वडिलांनी समा भागात घर बांधलं. विश्वामित्री उन्हाळ्यात ओढ्यासारखी दिसते, त्यामुळे नदीचा विचार कुणी केला नाही.

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, भाड्याचा गाळा घेऊन विजेच्या मोटारींचं रिवाइंडिंग, म्हणजे जळालेली तार काढून नवी भरायचं काम, सुरू केलं. पहिल्याच वर्षी घाईत एका मोटारीचं वार्निश पुरतं न वाळवता दिलं. आठव्या दिवशी ती जळून परत आली. तांब्याची तार, मजुरी, सगळं आमच्या अंगावर. तेव्हापासून मेगर, म्हणजे करंट गळतो का ते दाखवणारं मीटर, लावून इन्सुलेशन तपासल्याशिवाय एक मोटार बाहेर जात नाही. सौ. आधी नुसतं वहीखातं बघायची, मग कॉईल भरायला लागली. स्टेटरच्या, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचेत तार बसवताना तिची बोटं माझ्यापेक्षा हलकी चालतात, हे मी गिऱ्हाइकांसमोरही कबूल करतो.

31 जुलै 2019 ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला. सगळ्या शहराला तळघरातलं पाणी उपसायचं होतं आणि पंप कुणाकडे नव्हते. पुढच्या पावसाळ्याआधी कर्ज काढून आम्ही दोन डिझेल पंप घेतले आणि भाड्याने द्यायला लागलो. यात जपायची गोष्ट अशी, की पंप तळघरात उतरवून चालवायचा नाही. तो वर ठेवायचा आणि पाइप खाली सोडायचा. इंजिनाच्या धुराला कोंडलेल्या जागेत माणूस मारायला फार वेळ लागत नाही, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

मग ऑगस्ट 2024. 26 तारखेला जन्माष्टमी होती, पाऊस थांबेना. आजवा धरणाचं पाणी नदीत आलं. धोक्याची खूण 25 फुटांची, नदी 37 च्या आसपास गेली. लष्कर, एनडीआरएफ शहरात उतरलं होतं, पण आमच्या गल्लीची पाळी आली नव्हती. आम्ही वरच्या मजल्यावर. रात्री अकराला फोन वाजला. गल्लीच्या टोकाला बैठ्या घरात एक म्हातारं गुजराती जोडपं राहतं, त्यांचा मुलगा परदेशातून बोलत होता. वीज गेल्यामुळे वडिलांचं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलेलं, दोघं ओट्यावर चढून बसलेले.

सौ. सगळं ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. शेजाऱ्यांची पाण्याची चार निळी पिंपं मागितली, झाकणं घट्ट बसवली, गच्चीचं दार बिजागऱ्यांतून काढलं आणि त्याखाली पिंपं आवळली. 200 लिटरचं पिंप बुडेपर्यंत साधारण तेवढेच किलो पेलतं. सॅपर्समध्ये निम्मंच धरायला शिकवतात. म्हणजे चारशे किलो, तीन माणसांना पुष्कळ.

तेवढ्यात तिने पंपाचा नायलॉनचा दोर आणून माझ्या कमरेला बांधला. "जा. पण टोक माझ्या हातात राहील. एक हिसका म्हणजे थांबा, दोन म्हणजे ओढा." हे तिला मीच कधीतरी सांगितलं असणार.

पाणी छातीपर्यंत होतं, अंधार ठार. विश्वामित्रीत मगरी आहेत, पण मला मगरीपेक्षा विजेची भीती होती. लाइट गेली म्हणून तारा मेल्या असं नसतं; कुणी जनरेटर चुकीचा जोडला तर करंट उलटा येतो. बांबूने खालचा रस्ता चाचपत गेलो. परतताना कंपाउंडच्या भिंतीजवळ टॉर्चमध्ये दोन तांबडे ठिपके चमकले आणि खाली गेले. आजोबा दारावर आडवे होते, धाप लागलेली. त्यांनी विचारलं, "बेटा, शुं हतुं?" मी म्हटलं, "कुतरुं." दोन हिसके दिले. गल्लीतली चार माणसं तिच्यामागे दोर धरून उभी होती, हे जिन्यापाशी पोचल्यावर कळलं. तिचे तळहात सोलवटले होते. त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

नंतरचे दोन महिने गाळ्यात चिखलाच्या मोटारी. धुवायच्या, ओव्हनमध्ये वाळवायच्या, बेअरिंग बदलायचे, मेगर लावायचा. पूरग्रस्तांकडून फक्त सामानाचे पैसे घेतले. नफा झाला नाही, पण गिऱ्हाईक मात्र तिथूनच वाढलं. आज दोन मुलं कामाला आहेत, पंप सहा झालेत. गटारात माणूस उतरवायचं काम आम्ही घेत नाही, कितीही पैसे सांगितले तरी. तळघरात किंवा टाकीत उतरायचं झालं तर कमरेला दोर आणि वर एक माणूस, ज्याने दुसरं काहीही करायचं नाही. त्या माणसाची मजुरी गिऱ्हाइकाला खटकते. कोटेशनमध्ये ती आम्ही वेगळी लिहितो.

गेल्या पावसाळ्यात फतेहगंजच्या एका तळघरात मी स्वतः उतरणार होतो, तेवढ्यात सौ.चा फोन आला. "टोक कुणाकडे आहे?" वर दोर धरणारा कामावरचा मुलगा चहा घ्यायला गेला होता. मी पायरीवर बसून त्याची वाट बघितली.