न्यूअर्क–मुंबई–पुणे, डिसेंबर २०२१: आखणी परतीपासून सुरू करायची

नाताळच्या सुट्टीत अमेरिकेतून घरी यायचं तर एरवी आधी मुलांची शाळा बघायची, मग रजा, मग तिकिटाचा भाव. २०२१ च्या डिसेंबरात हा क्रम मोडला. २६ नोव्हेंबरला भारत सरकारने जाहीर केलं की १५ डिसेंबरपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू होणार. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने करोना विषाणूच्या नव्या प्रकाराला ओमायक्रॉन हे नाव दिलं. १ डिसेंबरला तो निर्णय स्थगित झाला आणि नियमित सेवा सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. तोवर बहुतेक ये-जा ‘एअर बबल’ नावाच्या द्विपक्षीय करारांवर चालली होती. त्यामुळे १५ तारखेच्या भरवशावर घाईने काढलेली तिकिटं हवेतच राहिली.

न्यूअर्क–मुंबई–पुणे हा प्रवास मी इथे उलट्या टोकाकडून मांडतो आहे, कारण आखणी तशीच करावी लागत होती. येताना विमान चुकलं तर सुट्टीचे दोन दिवस जातात. जाताना अडकलात तर नोकरी, व्हिसा, मुलांची शाळा सगळंच अडकतं.

तर परत जाण्यापासून सुरुवात. ६ डिसेंबर २०२१ पासून अमेरिकेने लस घेतलेल्यांनाही निघण्याआधी ‘एक दिवसाच्या आत’ केलेली निगेटिव्ह चाचणी सक्तीची केली. यात लोक हमखास फसायचे. हा एक दिवस म्हणजे २४ तास नव्हेत, कॅलेंडरचा आदला दिवस. समजा, मुंबईहून विमान शनिवार ८ जानेवारीला रात्री ११:५० ला आहे. मग ७ तारखेला पहाटेपासून कधीही दिलेला नमुना चालायचा, म्हणजे जवळजवळ दोन दिवस हाताशी. तेच विमान ९ तारखेला रात्री १:३० चं असेल तर नमुना ८ तारखेचाच हवा. ७ च्या संध्याकाळी पुण्यात केलेली चाचणी बाद. अमेरिकेची विमानं मुंबईहून बहुतेक रात्रीच सुटतात, त्यामुळे मध्यरात्रीच्या अलीकडचं की पलीकडचं, एवढ्यावर सगळं वेळापत्रक हलायचं. तिकीट काढतानाच हे बघून ठेवावं लागायचं.

पुण्याहून गाडीने मुंबई विमानतळ म्हणजे चार तास धरावेत, घाटात कोंडी असेल तर जास्त. त्या दिवसांत काउंटरवर कागद तपासायलाच वेळ लागायचा, म्हणून चार तास आधी पोचायचं. म्हणजे १:३० च्या विमानासाठी पुणं दुपारी पाचच्या आत सोडायचं आणि चाचणी सकाळी उरकायची. सोय एकच होती, अमेरिकेला रॅपिड अँटिजेन चाचणी चालत होती. आरटी-पीसीआरच्या अहवालाची वाट बघत बसायची गरज नव्हती. मात्र प्रमाणपत्रावर चाचणीचा प्रकार, नमुना घेतल्याची तारीख, प्रयोगशाळेचं नाव, निकाल आणि नावाशिवाय आणखी एक ओळख, म्हणजे जन्मतारीख किंवा पासपोर्ट क्रमांक, एवढं लागायचंच. लॅबवाले बऱ्याचदा नुसतं वय छापतात, ‘४२ / पु’. ते पुरत नव्हतं. नमुना देतानाच पासपोर्ट क्रमांक घालायला सांगायचं आणि पीडीएफ आल्या आल्या तिथेच उभं राहून वाचायची. दोन वर्षांखालच्या बाळाला चाचणी नव्हती.

आणि निकाल पॉझिटिव्ह आला तर? याचा विचार निघण्याआधीच व्हायला हवा, कारण ओमायक्रॉन घरोघरी पोचला होता. बरं झाल्यावर पुन्हा पुन्हा आरटी-पीसीआर करत बसणं हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. ती चाचणी विषाणूचे मृत अवशेषही पकडते, त्यामुळे माणूस ठणठणीत झाल्यावरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. अमेरिकेच्या नियमात यावर वाट होती. गेल्या ९० दिवसांतला पॉझिटिव्ह अहवाल आणि प्रवासाला हरकत नसल्याचं डॉक्टरांचं पत्र, हे दोन कागद असले की निगेटिव्ह चाचणी लागत नव्हती. पत्र डॉक्टरांच्या लेटरहेडवर, सही आणि तारखेसह. त्यासाठी मूळ पॉझिटिव्ह अहवाल प्रयोगशाळेचा लागायचा. घरच्या किटवरच्या दोन रेघांचा फोटो काउंटरवर कुणी बघत नव्हतं.

म्हणून परतीचं तिकीट सुट्टीच्या अगदी शेवटच्या रविवारचं नको. कामावर हजर व्हायच्या आधी निदान तीन-चार दिवस मोकळे, आणि घरून काम करायची परवानगी आधीच लेखी घेतलेली, असं असेल तर विलगीकरणाचा आठवडा निभावतो.

आता येण्याची बाजू. भारतात यायला ‘एअर सुविधा’ पोर्टलवर स्वयंघोषणा भरायची, गेल्या १४ दिवसांतला प्रवास लिहायचा आणि निघण्याआधीच्या ७२ तासांतला आरटी-पीसीआर अहवाल जोडायचा. इथे अँटिजेन चालत नव्हती. पाच वर्षांखालच्या मुलांना चाचणीतून सूट होती. शुक्रवार १७ डिसेंबरला रात्री आठचं विमान असेल तर ७२ तास मंगळवारी रात्री आठला सुरू होतात. मंगळवारी दुपारी दिलेला नमुना वाया गेला. बुधवारी सकाळचा उत्तम, कारण अहवाल यायला दोन दिवस मिळतात. पण त्या डिसेंबरात अमेरिकेतल्या प्रयोगशाळांवर इतका ताण होता की ‘दुसऱ्या दिवशी निकाल’ असं लिहिलेल्या ठिकाणीही जास्त दिवस लागू शकत होते. माझा सल्ला तेव्हाही हाच होता: बुधवारी मोफत केंद्रावर एक नमुना द्या आणि गुरुवारची पैसे भरून होणारी जलद पीसीआर हाताशी ठेवा. दुसरीचे पैसे जास्त वाटतात, पण चार जणांची तिकिटं बुडण्यापेक्षा ते कितीतरी कमी असतात.

नावाचा घोळ खास आपला. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचं व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या रकान्यात असतं. अमेरिकेतली लॅब पहिलं नाव आणि आडनाव एवढंच घेते. लसीच्या प्रमाणपत्रावर तिसरंच काही असतं, त्यात लग्नानंतर नाव बदललेलं असलं तर बघायलाच नको. अपॉइंटमेंट घेतानाच पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसंच भरावं. कोविनवर पासपोर्ट क्रमांक जोडता येत होता आणि परदेशी जाणाऱ्यांसाठी पूर्ण जन्मतारखेचं प्रमाणपत्रही काढता येत होतं. ही कामं निघायच्या दिवशीची नव्हेत.

मार्ग निवडताना थेट विमानाला जास्त पैसे मोजावेत, असं मला ठामपणे वाटतं. भारताच्या तेव्हाच्या जोखमीच्या देशांच्या यादीत ब्रिटनसह सगळा युरोप होता. तिथून येणाऱ्यांची विमानतळावर चाचणी व्हायची, निकाल येईपर्यंत थांबावं लागायचं, निगेटिव्ह आला तरी सात दिवस गृहविलगीकरण आणि आठव्या दिवशी पुन्हा चाचणी. अमेरिका या यादीत नव्हती. शिवाय फ्रँकफर्टची एक जुनी अडचण महामारीत जास्त टोचली: अमेरिकेच्या एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या ज्यांच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला होता, मग मुदतवाढीचा कागद हातात का असेना, त्यांना तिथे नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागायचा. हे न्यूअर्कच्या काउंटरवर कळलं तर करण्यासारखं काही उरत नाही.

दिल्लीमार्गे यायचंच तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर हवेत. दिल्लीपर्यंत एक स्वस्त तिकीट आणि पुढे पुण्याचं वेगळं, यात हजार-दोन हजार वाचतात. पण पहिलं विमान रखडलं की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही न आलेले प्रवासी. सामानाचंही तेच. अमेरिकेहून २३ किलोच्या दोन बॅगा घेऊन निघायचं आणि वेगळ्या देशांतर्गत तिकिटावर साधारण १५ किलोच मिळणार, बाकीचे किलो तिथे पैसे भरून. मुंबईला उतरून गाडीने पुणं हा पर्याय मला सगळ्यात सुटसुटीत वाटतो. गाडी तासभर थांबते, विमान थांबत नाही.

नियम बदलायला किती वेळ मिळायचा, तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. महाराष्ट्राने ३० नोव्हेंबरला केंद्रापेक्षा कडक आदेश काढला, केंद्राने हरकत घेतली, २ डिसेंबरला तो सुधारला गेला. पुढे ७ जानेवारीला केंद्राने जाहीर केलं की ११ तारखेपासून कुठल्याही देशातून येणाऱ्या सगळ्यांना सात दिवस गृहविलगीकरण. मधे चार दिवस. जानेवारीच्या मध्याला लग्नासाठी येणाऱ्याचा एक आठवडा खोलीतच गेला. तेव्हा केंद्र, राज्य आणि महापालिका या तिन्हींचे आदेश निघण्याच्या आदल्या रात्री पुन्हा वाचायचे.

उरला विमानं रद्द होण्याचा प्रश्न. २४ डिसेंबरला ओमायक्रॉनने कर्मचारी आजारी पडले आणि युनायटेड, डेल्टा यांना उड्डाणं रद्द करावी लागली. डिसेंबराच्या अखेरीस हे जास्त भोवतं, त्याचं कारण आहे. अमेरिकेत वैमानिकाला कुठल्याही सलग ६७२ तासांत, म्हणजे २८ दिवसांत, १०० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही. गर्दीच्या मोसमात राखीव वैमानिकांचेही तास आधीच भरत आलेले असतात. मग एक जण आजारी पडला की त्याच्या जागी पाठवायला माणूस नसतो, आणि विमान इथे, कर्मचारी तिथे, अशी साखळी तुटत जाते. अमेरिकेतल्या दुसऱ्या शहरातून न्यूअर्क गाठायचं असेल तर म्हणूनच सकाळचं पहिलं विमान घ्यावं. ते रात्रीच येऊन उभं असतं, दिवसभराचा उशीर त्याच्या वाट्याला येत नाही.

रद्द होणार असं दिसत असेल तर घाबरून आपण आधी तिकीट रद्द करू नये. कंपनीने रद्द केलं तर अमेरिकेच्या नियमाप्रमाणे पैसे परत मिळण्याचा हक्क आहे, कार्डाने भरले असतील तर कामकाजाच्या सात दिवसांत. आपण रद्द केलं तर साध्या तिकिटावर बहुतेक वेळा व्हाउचरच. ‘व्हाउचर स्वीकारा’ हे बटण मोठं असतं, रिफंडचं शोधावं लागतं. भारतात २०२० च्या टाळेबंदीत अडकलेल्या पैशांसाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने परताव्याचे नियम ठरले. तोवर लोकांचे पैसे महिनोन् महिने ‘क्रेडिट शेल’मध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठीच वापरता येणाऱ्या जमेत, पडून होते.

साथीशी संबंध नसलेला फटकाही याच मोसमात बसला. १९ जानेवारी २०२२ ला अमेरिकेत नवी फाइव्ह-जी सेवा सुरू होणार होती. तिच्या लहरी विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या यंत्रात ढवळाढवळ करतील, या भीतीने एअर इंडियाने त्या दिवसाची अमेरिकेची काही उड्डाणं रद्द केली, त्यात मुंबई–न्यूअर्कही होतं. दूरसंचार कंपन्यांनी विमानतळांजवळचे मनोरे सुरू करणं लांबवलं आणि २० तारखेपासून विमानं पुन्हा सुटू लागली. एका दिवसाचाच प्रश्न होता. पण १८ तारखेला नमुना देऊन १९ च्या विमानासाठी निघालेल्यांना चाचणीच्या मुदतीपासून पुन्हा हिशोब मांडावा लागला. विमानतळाजवळच्या एखाद्या लॅबचा पत्ता आणि वेळा मोबाइलमध्ये लिहून ठेवायच्या, त्या अशाच दिवसासाठी.