सेलेमला जाताय? मग डॅनव्हर्ससाठी अर्धा दिवस राखा

ऑक्टोबरातला शनिवार निवडला ही आमची पहिली चूक, आणि गाडी नेली ही दुसरी. बॉस्टनहून सेलेम पंचवीसेक किलोमीटर, पण पार्किंग शोधण्यातच सव्वा तास गेला. तुम्ही नॉर्थ स्टेशनवरून न्यूबरीपोर्ट किंवा रॉकपोर्टची रेल्वे पकडा, अर्ध्या तासात पोचाल. हॅलोविनचा महिना तर टाळाच. टोकदार काळ्या टोप्यांच्या गर्दीत १६९२ साल, म्हणजे इथल्या चेटूक-खटल्यांचं साल, शोधूनही सापडत नाही.

पुण्याहून आलेली आत्या बरोबर होती. तिचा पहिलाच प्रश्न, "बायकांना जाळलं कुठे?" कुठेच नाही. १९ जणांना फाशी दिलं, त्यांत पुरुषही होते. ऐंशी पार केलेल्या जाइल्स कोरीने खटला चालवून घ्यायलाच नकार दिला, म्हणून त्याच्या अंगावर दगड रचून त्याला मारलं. चेटूक केल्याची कबुली दिलेली टिट्युबा ही गुलाम बाई वाचली आणि 'मी निर्दोष आहे' म्हणत राहिलेले फासावर गेले, हे आत्याला काही केल्या पटेना.

एसेक्स स्ट्रीटवरचं 'विच हाउस' बघा, पण तिथे चेटकीण राहत नव्हती. राहायचा तो चौकशी करणारा मॅजिस्ट्रेट जोनाथन कॉर्विन. मेणाच्या पुतळ्यांच्या आणि भुताटकीच्या खेळांची तिकिटं मात्र खुशाल वाचवा. चार्टर स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीलगत १९९२ सालचं स्मारक आहे, फुकट. भिंतीतून बाहेर आलेले वीस दगडी बाक, प्रत्येकावर एक नाव, मृत्यूची तारीख आणि तो कसा आला ते. उंबऱ्याच्या दगडांवर आरोपींची वाक्यं कोरली आहेत आणि ती मध्येच भिंतीखाली जाऊन तुटतात. खाली बघत चाला, आम्ही आधी तशीच ओलांडली होती.

फाशीची जागा प्रॉक्टर्स लेज. ती नेमकी कुठली हे २०१६ साली पक्कं झालं. औषधांच्या एका दुकानामागे, पोप स्ट्रीटवर, साध्या घरांच्या वस्तीत. चालत जा आणि हळू बोला, शेजारी लोक राहतात.

खरी गोष्ट मात्र डॅनव्हर्सची. तेव्हाचं सेलेम व्हिलेज म्हणजे हेच. आरोपांना सुरुवात इथल्या पाद्री सॅम्युअल पॅरिसच्या घरातून झाली. त्या घराचा आता फक्त पाया उरलाय. तिथून रिबेका नर्स या आरोपी बाईच्या घरी गेलो. सेलेमहून टॅक्सी करा, परतीची आधीच ठरवून ठेवा. घर हंगामातच उघडं असतं, त्यामुळे दिवस आणि वेळ बघूनच निघा.

रिबेका ७१ वर्षांची, आजारी आणि कानाने अधू. ज्युरीने तिला आधी निर्दोष ठरवलं होतं. त्यावर कोर्टात एकच गोंधळ उडाला. मग तिला विचारलं, की दुसऱ्या एका आरोपी बाईला 'ही आमच्यातली' असं का म्हणालीस? तिच्या म्हणण्याचा अर्थ इतकाच, की ती आमच्याबरोबर कैदेत होती. पण प्रश्न तिला ऐकूच आला नाही. ती गप्प राहिली, आणि त्या गप्प राहण्यावर निकाल फिरला. १९ जुलै १६९२ ला फाशी.

हे मी आत्याला दोनदा सांगितलं, कारण तिच्या कानातल्या मशिनची बॅटरी उतरली होती. दुसऱ्यांदा ऐकल्यावर ती काहीच बोलली नाही. शेताच्या कडेला नर्स कुटुंबाची छोटी दफनभूमी आहे. मुलांनी रात्री गुपचूप आईचं शव इथे आणलं असं घराण्यात सांगतात. तिथे स्मारकाचे दोन दगड आहेत. एक रिबेकाचा आणि दुसरा तिच्या बाजूने अर्जावर सह्या करणाऱ्या शेजाऱ्यांचा. त्या दिवसांत अशी सही करणं म्हणजे संशय आपल्या दारात बोलावणं. आत्याने चष्मा पुसून सगळी नावं एकेक करून वाचली, बोट लावून. टॅक्सीवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला; तिला अर्थातच ऐकू आला नाही, आणि मीही सांगितलं नाही.